असाइनमेंट नको, की तोच तो प्रश्न नको?

असाइनमेंटवरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं असं, की मुलं असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून आणतात, तेव्हा ती बंद करून सगळे गुण लेखी परीक्षेला द्यावेत. मला नाही पटलं. मी गोव्यात, बार्देश तालुक्यात भूगोल शिकवते. पूर्वी मीही 'खाजन शेतीवर टीप लिहा' (खाजन म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेली नदीकाठची शेतजमीन) असं सांगायचे आणि वर्गभर एकच उतारा तपासत बसायचे. तेव्हा एआय नव्हतं, झेरॉक्सवाला होता!

मग प्रश्न बदलला. जवळच्या खाजनाच्या मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी जायचं, भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघायच्या आणि दारं कधी उघडतात, कधी मिटतात ते घड्याळ लावून टिपायचं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून नदीत जातं, भरतीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं, हे सगळ्यांना पाठ. एकीने मात्र लिहून आणलं, 'आमच्याकडचं दार मिटतच नाही, फळीला फट आहे.' सोबत बांधालगतच्या करपलेल्या भाताचा फोटो. पुढचे दोन तास त्यावरच गेले, पोर्शन राहिला.

आणि सगळं एकदम मागू नये. आधी नोंदी, आठवड्याने कच्चा मसुदा, मग पक्का. गुण कशाला किती, ते पहिल्याच दिवशी सांगायचं. शेवटी प्रत्येकाला दोनच तोंडी प्रश्न. उसनं लिखाण तिथे लगेच कळतं.

वेळ मात्र जातो, साठ मुलांच्या वर्गात तर फारच. लेखात त्यावर काही असायला हवं होतं.