ओठाच्या ऑपरेशनमधून किडनी कशी काढतात म्हणे?

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन. तिच्या बाळाचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे, आता सहा महिन्यांचं होईल, आणि परदेशी डॉक्टरांची टीम फुकट ऑपरेशन करायला येतेय त्या यादीत नाव लागलंय. "दादा, आम्ही नाही जात, सासूबाई नको म्हणतायत." कारण काय, तर व्हॉट्सॲपवरचा एक फॉरवर्ड, की अशा फुकट ऑपरेशनच्या नावाखाली परदेशी टीम किडन्या चोरतात. तोच मला आधी तीन ग्रुपवर आला होता आणि मी हसून सोडून दिला होता, चूक झाली. मी डॉक्टर नाही, ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे, पण भुलेच्या मशीनशेजारी बरीच वर्षं उभा राहतोय, त्यामुळे आता एकेक मुद्दा घेतोच.

"ओठाच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गुपचूप किडनी काढतात." अहो, किडनी असते पाठीकडे, बरगड्यांच्या खाली. ती काढायला दोन-तीन तास लागतात आणि पोटावर नाहीतर कुशीत टाके पडतात, आंघोळ घालताना आईला ते दिसणार नाहीत का? मोतीबिंदूत तर बहुतेक वेळा फक्त डोळ्यापुरती भूल असते, पेशंट जागा असतो, गप्पा मारतो! आणि काढलेली किडनी खिशात घालून नेता येत नाही, बर्फात ठेवली तरी साधारण दीड दिवसात बसवावी लागते, ती पण रक्तगट जुळलेल्या, क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळतं का ही तपासणी) झालेल्या माणसाला. सहा महिन्यांच्या बाळाची किडनी असते जेमतेम 6 सेंटीमीटर. किडनीचे रॅकेट जगात आहेत, ते मी नाकारत नाही, त्याविरुद्धच 2008 मध्ये इस्तंबूलचा जाहीरनामा निघाला. पण तिथे पैशाचं आमिष दाखवून मोठ्या माणसाला गाठतात आणि घेणारा आधीच ठरलेला असतो. ओठ शिवायच्या टेबलावर हे होत नाही.

"ज्यांच्या किडन्या चांगल्या त्यांनाच घेतात, बाकीच्यांना परत पाठवतात." परत पाठवतात हे खरंय, पण का? ओठाच्या ऑपरेशनला दहाचा जुना नियम आहे: वय 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10. त्यात बसलं नाही तर भूल झेपायची नाही म्हणून थांबवतात. रक्त घेतात ते त्यासाठीच, विकायला नाही.

आता ज्या ओळीने माझं डोकं सणकलं ती. "पोरं अशक्त व्हावीत म्हणून उपाशी ठेवतात, तुम्ही चोरून दूध पाजा." हे ज्याने लिहिलं त्याला एकदा ओटीत उभं करायला पाहिजे. भूल दिली की खोकल्याचा, गिळण्याचा रिफ्लेक्स जातो, पोटातलं दूध वर येऊन सरळ फुफ्फुसात उतरू शकतं, बाळ निळं पडतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून आईचं दूध 4 तास आधी बंद, वरचं दूध आणि खाणं 6 तास आधी, साधं पाणी 2 तास आधी, आणि तासांच्या थोड्याफार फरकाने हे जगात सगळीकडे, पैसे भरून केलेल्या ऑपरेशनलासुद्धा. बाळ रडतं, बघवत नाही, मान्य. तरी कोणी पाजलंच असेल तर लपवू नका, सांगून टाका, फार तर ओरडतील आणि ऑपरेशन पुढे ढकलतील.

"गरिबांवर ऑपरेशनचा सराव करून घेतात." इथे मात्र मला थोडं गप्प बसावं लागतं. आठवडाभर यायचं, धडाधड ऑपरेशनं करायची, विमानात बसायचं आणि मागे टाके उसवले तर बघायला कोणी नाही, असं झालेलं आहे आणि त्यावर डॉक्टरांनीच टीका केलीय. म्हणून तर पद्धत बदलत गेली. स्माइल ट्रेन ही दुभंगलेल्या ओठांसाठी काम करणारी संस्था 1999 पासून त्या-त्या देशातल्याच सर्जनना ट्रेनिंग आणि पैसे देते, ऑर्बिसचं विमान म्हणजे आत ओटी असलेलं डोळ्यांचं हॉस्पिटलच, 1982 पासून तिथल्या डॉक्टरांना शिकवत फिरतंय. आणि "तिकडे काम मिळत नाही म्हणून येतात" म्हणे! मर्सी शिप्स या संस्थेच्या हॉस्पिटल-जहाजावर काम करणारे डॉक्टर-नर्स स्वयंसेवक म्हणून येतात, पगार घेत नाहीत.

"एवढी गरज असते तर सरकारने केलं नसतं का?" लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या कमिशनचा 2015 चा रिपोर्ट बघा. जगात 500 कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारं ऑपरेशन मिळत नाही, वर्षाला 14.3 कोटी ऑपरेशनं कमी पडतात, आणि जगातली एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या ज्या गरीब देशांत राहते तिथे एकूण ऑपरेशनच्या फक्त 6 टक्के होतात. पाहुणे डॉक्टर हे भरून काढणार नाहीत, पण म्हणून समोर आलेली तारीख सोडायची?

पोरांचे फोटो देणग्यांसाठी वापरतात, हो, वापरतात, मलाही नाही आवडत. नाही म्हणा, सही करू नका.

बहिणीला तीनच प्रश्न लिहून दिलेत: लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर टीममध्ये आहे का, टीम गेल्यावर टाके कोण बघणार, रात्री त्रास झाला तर फोन कुणाला. सासूबाई माझ्याशी अजून बोलत नाहीयेत, पण काल बाळाचं वजन साडेचारच्या वर आहे ना हे त्यांनीच दोनदा विचारलं म्हणे.