‘क्रियापद असेल तर जोर दुसऱ्यावर’? जरा थांबा!

सध्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. इंग्रजी शब्दाचे उच्चारात दोन तुकडे पडत असतील, तर नामाला पहिल्या तुकड्यावर जोर द्या, क्रियापदाला दुसऱ्यावर. अपवाद नाही. आणि वाक्यात क्रियापद नेहमी ठासून म्हणा. इंटरव्ह्यूच्या आधी पाठ करा, वगैरे. माझ्या भाचीने खरंच पाठ केलं. परवा ‘विझिट’मधल्या ‘झिट’वर तिने असा काही घाव घातला की मला आधी शब्दच कळेना.

नियम अगदीच खोटा नाही. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर ‘रे’वर, क्रियापद असेल तर तो ‘कॉर्ड’वर सरकतो आणि ‘रे’चा ‘रि’ होतो. प्रेझेंट, ऑब्जेक्ट, परमिट यांचंही तसंच. पण या ठरावीक जोड्या आहेत. 1570 च्या सुमारास तर त्या तीनच सापडतात : आउटलॉ, रिबेल आणि रेकॉर्ड. त्यातल्या ‘आउटलॉ’चा जोर आज क्रियापदातही पहिल्याच तुकड्यावर असतो.

‘अपवाद नाही’ हे तर धादांत चूक. आन्सर, ऑफर, प्रॉमिस, ट्रॅव्हल, ओपन, लिसन ही सगळी क्रियापदं, आणि सगळ्यांचा जोर पहिल्यावर. उलट रिपोर्ट, रिप्लाय, कंट्रोल, सपोर्ट हे शब्द नाम असोत की क्रियापद, जोर दुसऱ्यावरच. हॉटेल आणि मशीन तर मुख्यतः नामं, तरी जोर शेवटी.

नियम आपल्याला खरा उपयोगी पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. मराठी इंग्रजीतलं नाम उचलते आणि पुढे ‘करणे’ लावते : रिफंड करा, रेकॉर्ड कर. मग इंग्रजी बोलतानाही क्रियापदाच्या जागी तोच नामाचा उच्चार तोंडात येतो. ‘परमिट रूम’मधलं ‘परमिट’ बरोबर आहे. ‘प्लीज परमिट मी’ म्हणताना मात्र जोर ‘मिट’वर हवा.

आणि जोर म्हणजे आवाज चढवणं नव्हे. जोराचा तुकडा थोडा लांबतो, शेजारचा विरतो. क्रियापद असलेल्या ‘परमिट’मधला ‘पर’ पुसट ‘प’वर येतो. आपल्याला प्रत्येक अक्षर पुरतं म्हणायची सवय, त्यामुळे आपण एक तुकडा ठोकतो पण दुसरा सोडत नाही. भाचीचंही तेच झालं होतं.

राहिलं ‘क्रियापद नेहमी ठासून म्हणा’. मुख्य क्रियापदाला बहुधा जोर मिळतो, पण सहायक क्रियापदं एरवी दबकी असतात. ‘आय कॅन कम’मध्ये ‘कॅन’चा घाईतला ‘कन्’ होतो आणि जोर ‘कम’वर पडतो. अमेरिकन माणूस ‘कान्ट’ऐवजी ‘कॅन्ट’ म्हणतो, त्यातला ‘ट’ही बहुतेक गिळतो आणि शब्दावर जोर देतो. म्हणजे तुम्ही ‘कॅन’ ठासून म्हणालात, तर त्याला ऐकू जाऊ शकतं ‘मी येऊ शकत नाही’.