‘नीट क्वालिफाय नसली तरी परदेशात एमबीबीएस’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की हा मेसेज फिरायला लागतो. दरवर्षी फोटो बदलतो, देश बदलतो, आतला मजकूर तोच. यंदा निकाल लागल्यावर लगोलग तो आमच्या ताईच्या मोबाईलवर आला, तिच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवरून. ताई लातूरला असते, भाचीने यंदा नीट दिली, ११८ मार्क पडले, कॅटेगरी ओपन. घरात आधीच सुतकी वातावरण आणि त्यात हा मेसेज. मला कळेपर्यंत ताई आणि दाजी हॉटेलच्या हॉलमधल्या सेमिनारला जाऊन २५ हजार रुपये भरूनही आले होते. त्यामुळे हे रागातच लिहितोय.

मेसेज असा आहे:

‘नीटला मार्क कमी? टेन्शन नको! परदेशात एमबीबीएस करा. नीट फक्त अपिअर असली तरी चालते. एनएमसी मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटी. पाच वर्षांत डॉक्टर, इंटर्नशिप भारतात. नंतर दुसऱ्या देशात ट्रान्सफरची सोय. बारावीला बायो नसेल तरी अॅडमिशन. एफएमजीई बंद होऊन नेक्स्ट येतेय, पास होणं सोपं. इंडियन मेस, वेगळं गर्ल्स हॉस्टेल. फक्त १२ सीट शिल्लक.’

एनएमसी म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशन, वैद्यकीय शिक्षणाचे नियम करणारी सरकारी संस्था. एफएमजीई म्हणजे बाहेरून शिकून आलेल्याला इथे डॉक्टर म्हणून रजिस्टर होण्याआधी द्यावी लागणारी परीक्षा, आणि नेक्स्ट ही तिच्या जागी येऊ घातलेली. मेसबद्दल माझं काही म्हणणं नाही, असेल मेस. बाकीचं एकेक घेतो.

‘नीट फक्त अपिअर असली तरी चालते.’ धादांत खोटं. आणि या एका वाक्याने जेवढी घरं बुडतात तेवढी बाकी सगळ्या मेसेजने मिळून बुडत नसतील म्हणून यावरच जास्त बोलतो. २०१८ पासून नियम आहे की भारतातल्या मुलाला बाहेरून एमबीबीएस करून इथे येऊन प्रॅक्टिस करायची असेल तर त्याने नीट क्वालिफाय केलेली पाहिजे. परीक्षेला जाऊन बसणं म्हणजे क्वालिफाय नव्हे. ओपनला ५० पर्सेंटाइल, एससी, एसटी, ओबीसीला ४०. यंदा, म्हणजे २०२५ ला, ते ७२० पैकी ओपनला १४४ आणि राखीवला ११३ मार्कांवर आलं. २२ लाखांवर मुलं परीक्षेला बसली आणि त्यातली १२ लाखांहून जास्त क्वालिफाय झाली, म्हणजे निम्म्याहून जास्त. ही काही सरकारी कॉलेजच्या मेरिटसारखी आभाळाएवढी अट नाही, किमान इतकं तरी पाहिजे एवढीच रेघ आहे. भाची तिच्या खाली आहे. सेमिनारमधला माणूस ताईला म्हणाला, मॅडम ११८ म्हणजे भरपूर झाले, आमच्याकडून साठवाले पण गेलेत. गेले असतील ना, जायला कोण अडवतंय. पण त्यातलं कोण परत येऊन इथे डॉक्टर म्हणून रजिस्टर झालं हे त्याला विचारायला हवं होतं, आणि तेच कुणी विचारलं नाही, कारण हॉलमध्ये बसलेला प्रत्येक बाप आपल्या पोराच्या मार्कांनी आधीच खचलेला होता.

यात अर्धं खरं काय आहे तेही सांगतो, कारण त्याच्याच जिवावर हे खोटं चालतं. तिकडची युनिव्हर्सिटी बऱ्याचदा तुमची नीट मागत नाही, हे खरंय. तिचे नियम वेगळे, बारावीचे मार्क आणि फी मिळाली की ती अॅडमिशन देते. व्हिसा मिळतो, विमानात बसता येतं, पोरगं पाच-सहा वर्षं शिकतं, डिग्री पण खरी मिळते. अडतं ते परत आल्यावर, एफएमजीईचा फॉर्म भरताना, जेव्हा नीटचा निकाल मागतात. तोपर्यंत ज्याने पाठवलं त्याचं ऑफिस त्या कॉम्प्लेक्समध्ये असेलच असं नाही. सहा वर्षं गेलेली, वीस-पंचवीस लाख गेलेले, आणि हातातल्या डिग्रीवर इथे साधं प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही.

‘कोर्टात गेलं की सूट मिळते’ असंही तो माणूस म्हणाला म्हणे. हे कोर्टात जाऊन आलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही नीटची अट कायम ठेवली, अट योग्य आहे म्हणाले, आणि आम्हाला एकदाच सूट द्या ही विनंतीसुद्धा नाकारली. कोर्टाने एवढं मात्र सांगितलं की भारताबाहेरच कुठे प्रॅक्टिस करायची असेल तर ही अट आड येत नाही. ज्याला कायमचं बाहेरच राहायचंय, तिकडच्या परीक्षा द्यायच्यात, त्याचा प्रश्न वेगळा. आमच्या भाचीला लातूरला येऊन दवाखाना टाकायचाय.

‘एनएमसी मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटी.’ अशी वस्तूच नाही. एनएमसी परदेशातल्या कुठल्याही कॉलेजला मान्यता देत नाही आणि मान्य कॉलेजांची यादीही काढत नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. ब्रोशरवर एनएमसीचा लोगो कुणीही छापतं. दुसरं सांगतात की आमचं कॉलेज वर्ल्ड डिरेक्टरीत, म्हणजे जगभरच्या मेडिकल कॉलेजांच्या यादीत आहे, तर ती नुसती नोंद आहे, तिथे नाव आहे म्हणजे मान्यता आहे असं ते डिरेक्टरीवाले स्वतः म्हणत नाहीत. एनएमसी कॉलेजचं नाव बघत नाही, तुम्ही केलेला कोर्स आपल्या नियमांत बसतो का ते बघते, आणि ते नियम १८ नोव्हेंबर २०२१ ला राजपत्रात आले, ‘फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट लायसेन्शिएट रेग्युलेशन्स, २०२१’. एनएमसीच्या साइटवर पडलेत. मोजकी पानं आहेत. ज्याला फक्त एक कागद वाचायचाय त्याने यातला चौथा नियम वाचावा, मेसेजमधल्या निम्म्या गोष्टी तिथेच निकालात निघतात.

म्हणजे बघा, ‘पाच वर्षांत डॉक्टर, इंटर्नशिप भारतात’. चौथ्या नियमात सरळ लिहिलंय: कोर्स किमान ५४ महिन्यांचा, आणि त्यानंतर किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप, तीही त्याच परदेशी कॉलेजात. पूर्ण शिक्षण, ट्रेनिंग, इंटर्नशिप एकाच कॉलेजात, त्यातला कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्याच देशात करायचा नाही. इथे आल्यावर परीक्षा, आणि वर पुन्हा १२ महिने इथली इंटर्नशिप. तिकडच्या इंटर्नशिपच्या बदल्यात इथली नाही, तिच्या वर इथली. हिशोब करा, साडेचार अधिक एक, मग परीक्षेची वाट बघण्यात जाणारे महिने, मग आणखी एक. सात वर्षं धरून चाला. एजंटने दाजींना कागदावर पाच वर्षांची फी लिहून दिली होती, डॉलरमध्ये, खाली हॉस्टेल, मेस, इन्शुरन्स असं सगळं मांडून, आणि सहाव्या वर्षाचा रकानाच नव्हता. ज्या बापाने रान गहाण टाकून पाच वर्षांचे पैसे उभे केलेत त्याला सहाव्या वर्षी फोन येतो की अजून एक वर्ष राहावं लागेल. आणि पोरगं इंटर्नशिप न करताच परत आलं तर रजिस्ट्रेशन होत नाही.

फिलिपिन्सचं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथे आधी बीएस, म्हणजे आपल्या बीएस्सीसारखी डिग्री, आणि मग चार वर्षांचं एमडी, जे तिकडे आपल्या एमबीबीएसच्या जागी असतं. बीएस हा पूर्वअभ्यास, तो धरला जात नाही, उरतात ४८ महिने, ५४ ला कमी पडतात. २०२१ नंतर तिकडचा ओघ आटला तो यामुळे. तेव्हा ‘एकूण साडेपाच वर्षं’ असं कुणी म्हणालं की विचारा, त्यात मेडिकलचे महिने किती आणि भाषेचे, प्रिपरेटरीचे किती.

‘दुसऱ्या देशात ट्रान्सफर’चं उत्तर वर आलंच, एकच कॉलेज, पुढे बोलायची गरज नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते. त्याच चौथ्या नियमात अशी अट आहे की ज्या देशात शिकलात त्या देशात डॉक्टरकीचं लायसन्स देणाऱ्या संस्थेकडे तुमची नोंदणी झालेली पाहिजे, आणि ते लायसन्स तिथल्या नागरिकाला मिळतं त्याच्या तोडीचं पाहिजे. साध्या भाषेत, त्या डिग्रीवर त्याच देशात पेशंट तपासता येत असतील तरच ती इथे चालणार. काही ठिकाणी परदेशी मुलांसाठी वेगळाच कोर्स असतो, वेगळी इमारत, वेगळी बॅच, त्यात तिथला एकही स्थानिक पोरगा नाही. तिथे पहिला प्रश्न हाच विचारायचा की या डिग्रीवर मला तुमच्याच देशात लायसन्स मिळेल का, मिळण्यासाठी वेगळी परीक्षा आहे का, आणि ती कुठल्या भाषेत आहे. सेमिनारमध्ये दाजींनी हे विचारलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण तिकडे एक तास पिझ्झा, डान्स आणि बर्फात खेळणाऱ्या मुलांचे व्हिडिओ दाखवले आणि मग लगेच रजिस्ट्रेशनचं टेबल.

भाषेचंही तसंच. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी पाहिजे असं नियमात आहे. ‘बायलिंग्वल’ म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं इंग्रजी आणि पुढे रशियन किंवा चिनी, ते चालत नाही. मात्र वॉर्डातला पेशंट काही इंग्रजी बोलणार नाही, त्यामुळे तिथली भाषा शिकावी लागतेच, ती शिकली नाही तर पोरगं खाटेजवळ नुसतं उभं राहतं आणि केस हिस्टरी काय घेणार.

‘बारावीला बायो नसेल तरी चालेल.’ इथे मला थोडं मागे यावं लागतंय. पूर्वी हे साफ चुकीचं होतं, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये एनएमसीने नोटीस काढून बारावीनंतर बायोलॉजी किंवा बायोटेक अतिरिक्त विषय म्हणून देऊन पास झालं तरी ग्राह्य धरायचं ठरवलं. म्हणजे मेसेजवाल्यांनी यात काहीतरी खरं पकडलंय. पण विषय द्यावा लागतो, बोर्डाकडून पास व्हावं लागतं, आणि नीट तर द्यावीच लागते. ‘नसेल तरी चालेल’ आणि ‘नंतर देऊन पास झालात तर चालेल’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘एफएमजीई बंद होऊन नेक्स्ट येतेय, पास होणं सोपं.’ नेक्स्टचं नाव नियमात आहे, खरंय, पण ती अजून सुरू झालेली नाही, आजही परत आलेली मुलं एफएमजीईच देतात. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर, ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि तरीही २०२३ मध्ये दोन्ही परीक्षा मिळून ६१ हजारांवर मुलं बसली आणि १० हजारांच्या आसपास पास झाली. सहातलं एक. नंतर आकडा थोडा सुधारलाय पण तरी बहुसंख्य मुलं नापासच होतात. नेक्स्ट आली तर ती इथल्या एमबीबीएसच्या मुलांसोबत एकच परीक्षा असेल, ती सोपी कशी म्हणणार? ज्याचा पाया नीटलाच कच्चा राहिला त्याला ‘आत्ता जा, पुढे सोपं होईल’ म्हणून धाडणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता कुणी म्हणेल, मग गरिबाने काय करायचं, इथल्या खासगी कॉलेजची आणि डीम्डची फी बघितली की छाती दडपते. बरोबर आहे. बाहेर स्वस्त पडतं हे मी नाकारत नाहीच, क्वालिफाय होऊन, नियम बघून गेलेली आणि पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात परीक्षा काढलेली मुलंही आपल्या आजूबाजूला आहेत, चांगली प्रॅक्टिस करतात. माझं भांडण बाहेर जाण्याशी नाही. आणि घाईही नाही, नीट एकदा क्वालिफाय झाली की बाहेरच्या अॅडमिशनसाठी तो निकाल तीन वर्षं धरतात, त्यामुळे ‘१२ सीट शिल्लक, आजच भरा’ याला काही अर्थ नाही. भाची पुढच्या मे महिन्यात परत नीट देईल, क्वालिफाय झाली की मग देश बघू.

राहिले ताईचे २५ हजार. पावती मी बघितली. वर ‘अॅडमिशन’ हा शब्दच नाही, ‘कन्सल्टन्सी चार्जेस’ लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात नॉन-रिफंडेबल. हॉलमध्ये मात्र सीट बुक झाली असं सांगितलं होतं. ज्यांनी असे पैसे भरलेत त्यांनी पावती, ब्रोशर, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि फोनवरचं सगळं चॅटिंग जपून ठेवा, काही डिलीट करू नका, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करताना हेच लागतं. आणि ज्यांनी अजून भरले नाहीत त्यांनी एजंटकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट चार ओळी लिहून घ्या: कोर्सचे महिने, तिकडच्या इंटर्नशिपचे महिने आणि ती कुठल्या हॉस्पिटलात, माध्यम कुठलं, तिथलं लायसन्स मिळतं का. तोंडी सांगेल तर पैसे देऊ नका. दाजींनी तक्रार लिहायला घेतलीये, ज्यांना तसाच कागद मिळालाय त्यांनी मला कळवा, नमुना पाठवतो.