खड्डा बुजवायची घाई करू नका

गावोगावच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर साधारण असा: ‘रस्ता रुंदीकरणात पेट्रोल पंप हलला की लोक विहिरीच्या पाण्याची उगाच भीती घालतात. पेट्रोल उडून जातं, उरलंसुरलं जंतू खातात. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, त्यातून काही पाझरत नाही. जमिनीखालची टाकी काढली, खड्डा मुरमाने भरला की जागा चोख. तरीही शंका असेल तर पाणी उकळून प्या.’ मी भूजलाचं काम करतो. या संदेशावर विसंबून एखादं घर दूषित विहिरीचं पाणी पीत राहील याची मला खरोखर धास्ती वाटते.

आधी ‘उडून जातं’ हे घेऊ. फरशीवर सांडलेलं पेट्रोल उडतं, पण जमिनीखाली पाइपच्या सांध्यातून थेंबथेंब गळणाऱ्याला वारा लागत नाही. ते मुरमातून खाली उतरतं आणि हलकं असल्याने भूजलाच्या पातळीवर तवंगासारखं पसरतं. त्या तवंगातलं बेंझीन पाण्यात विरघळत राहतं, आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. बीएस-६ या सध्याच्या मानकाच्या पेट्रोलमध्ये ते घनफळाने १ टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे लिटरमागे फार तर १० मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. हिशेब करून पाहा. एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजार लिटरचे ८७ टँकर.

जंतूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. मातीतले जीवाणू पेट्रोल खातात, आणि वरच्या हवेशीर थरात ते काम बऱ्यापैकी होतं. खाली प्राणवायू संपला की ते मंदावतं. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जीवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात, प्राणवायू तिथेच खर्ची पडतो आणि बेंझीन मागे उरतं.

‘काळा पाषाण पाझरत नाही’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते ऐकायला पटतं. घाटातला कापलेला डोंगर पावसाळ्यात आठवा. पाणी अखंड दगडातून येत नाही. ते भेगांतून, आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यावरून झिरपतं. विहिरीला ज्या झऱ्याने पाणी येतं, त्याच वाटेने पेट्रोलही येतं. वाळूच्या प्रदेशात दूषित पाणी किती सरकलं याचा निदान अंदाज बांधता येतो. आपल्याकडे पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहते आणि भेगेच्या रेषेवरची लांबची विहीर बिघडते. शिवाय पावसाळ्यात पातळी काही मीटर चढते, तिच्याबरोबर तवंगही चढतो आणि भेगांना चोपडला जातो. उन्हाळ्यात तो पुन्हा खाली जातो. म्हणून मे महिन्यातल्या एकाच तपासणीवर निकाल देऊ नये. पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना घ्यावा.

आता टाकीबद्दल. टाकी उचलली म्हणजे गळतीचं मूळ गेलं. गळलेलं जिथल्या तिथे आहे. खड्डा उघडा असतो ते दोन-चार दिवस तळाची माती डोळ्यांनी पाहता येते, हातात घेता येते. मुरूम पडला की त्याच मातीसाठी बोअर मारावे लागतात. टाकीच्या दोन्ही टोकांखालून, पाइपच्या सांध्यांखालून, डिस्पेन्सरखालून (गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्राखालून) आणि जिथे टँकर रिकामा करतात तिथून नमुने घ्यायला हवेत. पंपाचं जुनं डिप रजिस्टर, म्हणजे टाकीतला साठा रोज मोजून लिहिलेली वही, तीही मागा. रोज थोडी थोडी तूट दिसत असेल तर गळतीचा संशय घ्यायलाच हवा. आणि रिकामी टाकी निरुपद्रवी समजू नका. तिच्यातली पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगीने पेट घेते. वाफ काढून, मीटरने मोजून खात्री झाल्याशिवाय तिला गॅस कटर लावणं म्हणजे कामगाराच्या जिवाशी खेळ आहे.

उकळण्याचा सल्ला तर कुणीच पाळू नये. बेंझीन ८० अंशांला उकळतं. ते भांड्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येतं आणि चुलीजवळ उभ्या बाईच्या श्वासात जातं. पाण्याला वास येत असेल तर अहवालाची वाट न पाहता ते पाणी बंद करा, आंघोळीलाही. वास नसला तरी निर्धास्त राहू नका, कारण मर्यादेच्या आसपासचं इतकं कमी बेंझीन नाकाला कळत नाही.

‘आमचं पाणी तपासलंय, चांगलं आलंय,’ असंही पुष्कळ जण सांगतात. नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड पाहतात. बेंझीन, टोल्युइन, इथिलबेंझीन, झायलीन ही नावं लिहून मागावी लागतात. नमुना काचेच्या लहान कुपीत, हवेचा बुडबुडा न ठेवता, काठोकाठ भरून बर्फात पाठवायचा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत अर्धवट भरून नेलेल्या पाण्यातलं बेंझीन वाटेतच उडतं, आणि अहवाल चुकीचा ‘चांगला’ येतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पेट्रोल पंपांसाठी २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि दूषित जागांबाबतचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले आहेत. तेव्हा ग्रामपंचायतीने जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्यावा. त्यात एकच मागणी पुरे: माती आणि पाण्याचे अहवाल हाती येईपर्यंत खड्ड्यात मुरूम टाकू नये.