भिंती लिंपणाऱ्या हातांना स्क्रू ड्रायव्हर जड नाही

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की आमच्या धुळ्यात गल्लोगल्ली पत्र्याचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात. त्याच आठवड्यात घरोघरी विचारणा सुरू होते, "वायरमनला फोन केला का?" वायरमनला तेव्हा दम खायला फुरसत नसते. ऊन ४५ अंशांच्या घरात, पोरं घामाने भिजलेली, आणि घरातली बाई दाराकडे डोळे लावून बसलेली. शेवटी तो संध्याकाळी येतो, कूलरचा पंप उघडतो, आतल्या पंख्याला चिकटलेला क्षार खरवडतो, पैसे घेतो आणि जातो. बाई शेजारी टॉर्च धरून उभी असते. सगळं बघते, पण पुढच्या वर्षी पुन्हा फोनच करते.

हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. घरातली लहानमोठी दुरुस्ती बाईने स्वतः करावी, आणि केल्यावर ते चारचौघांत अभिमानाने सांगावं. नुसते पैसे वाचतात म्हणून नव्हे. पैसे तर वाचतातच.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाईनं काम शे का हाई?" म्हणजे, हे बाईचं काम आहे का? पुरुष विचारतात त्याचं फारसं वाटत नाही, बायका विचारतात तेव्हा मात्र जीव तुटतो. कारण आपल्या खान्देशात दुरुस्तीचं काम बाईचंच होतं, आणि तेही फार जुनं नाही. पारोळ्याकडच्या आमच्या गावी माझ्या लहानपणी निम्मी घरं धाब्याची होती. लाकडी सर, त्यावर कड्या, वर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. मृग लागायच्या आत ती खारी नव्याने पसरायची, नाहीतर पहिल्याच पावसात धाबं गळणार. पुरुष गाडीने माती आणून टाकायचे. पुढचं सगळं बायकांचं. माती चाळायची, त्यात गव्हाचा भुसा कालवायचा, पाणी घालून ती मुरू द्यायची, पायाने तुडवायची. भुसा कमी पडला तर भिंतीला भेगा जातात, जास्त झाला तर लिंपण धरत नाही. आजी चिमूटभर माती बोटांत चोळून सांगायची, अजून एक दिवस राहू दे. तुराट्यांची कणगी विणून आली की आतून-बाहेरून लिंपायची आजीच. चूल तीच घालायची, औल्याला, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडाला, जाळ किती जाईल याचा अंदाज घेऊन. चूल चुकली की घरभर धूर. हे सगळं ज्ञान होतं, कौशल्य होतं, आणि "आजीला हे जमेल का" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग स्लॅब आले, पाइप आले, वायरिंग आलं. घर मातीचं होतं तोवर त्याची डागडुजी बाईच्या हातात होती, सिमेंटचं झालं तशी ती निसटली. बाईची अक्कल किंवा ताकद कमी झाली म्हणून नाही. नव्या कामाला पैसा होता, त्याचं शिक्षण पोरांना मिळालं, आणि हत्यारांची पेटी त्यांच्याच हातात गेली. मुलींना भरतकाम, मुलांना पक्कड. एका पिढीत गोष्ट इतकी उलटली की आज घरात हातोडा कुठे ठेवलाय हेही बाईला माहीत नसतं. आणि लिंपणाला हात, पाठ, गुडघे सगळं लागायचं. नळाचा वायसर बदलायला एक पाना पुरतो.

जरा कामाचं बोलते. गळणारा जुन्या पद्धतीचा नळ म्हणजे बहुतेक वेळा आतला रबरी वायसर झिजलेला. टाकीचा कॉक बंद करा, नळाचा वरचा भाग पान्याने उघडा, जुना वायसर घेऊन दुकानात जा, तसाच आणा, बसवा. नळ नवा लावायचा असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना नळ ज्या दिशेने आवळायचा त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटत येते आणि पाणी पाझरतं. छताचा पंखा हाताने ढकलल्याशिवाय फिरत नसेल, किंवा पाचवर ठेवूनही रेंगाळत असेल, तर पुष्कळदा कपॅसिटर गेलेला असतो. साध्या घरगुती पंख्याला सहसा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा घ्या. मिक्सर एकदम बंद पडला तर दुकानात न्यायच्या आधी तो उलटा करून खालचं लाल बटण दाबून बघा. जास्त भार आला की ते आपोआप सुटतं आणि मोटर जळण्यापासून वाचवतं.

कूलरबद्दल मात्र नीट सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे तो चैनीची वस्तू नाही. हवा कोरडी आहे म्हणून ओल्या जाळ्यांतलं पाणी भरभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. म्हणूनच खिडकी उघडी ठेवायची. बंद खोलीत दमटपणा साचतो, मग कूलर कितीही चालवा, चिकचिक होते. बोअरच्या पाण्यातला क्षार जाळ्यांच्या गवतावर आणि पंपात बसतो. गवत दर हंगामात बदला. पंप प्लगपासून सुटा केला की खालचं झाकण काढा आणि आतलं छोटं चाक लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवा, पांढरा थर विरघळतो. टाकीत पाणी नसताना पंप चालू ठेवू नका, तो जळतो.

आणि ही गोष्ट पोरींना, सुनांना, कामाला येणाऱ्या मावशींना, सगळ्यांना सांगा: चालू कूलरमध्ये पाणी भरायचं नाही. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचा प्लग आणि घराला खरं अर्थिंग हवंच. वायरचं आवरण कुठे निघालं असेल तर २३० व्होल्ट पत्र्यात उतरतात, आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी उभी बहुतेक वेळा बाईच असते, कारण पाणी भरायचं काम तिचंच. बोर्डावर ३० मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीजगळती ओळखणारा स्विच, बसवून घ्या. शरीरातून वीज वाहू लागली की ती क्षणात पुरवठा तोडते. साधी एमसीबी वायरिंग जळण्यापासून वाचवते, माणसाला वाचवायला ती पुरी पडत नाही. हा फरक बाईला कळलाच पाहिजे असं मी म्हणते ते यासाठी.

सगळंच स्वतः करा असं माझं म्हणणं नाही. मीटरच्या पेटीला हात लावायचा नाही. बोर्डाचं काम मेन बंद करून, टेस्टर लावून बघितल्याशिवाय करायचं नाही. गॅस गळत असेल तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, आणि गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ वर, फोन करायचा. कुठे थांबायचं हे काम येणाऱ्यालाच कळतं.

माझ्या जेठाणीबाई संडासाच्या फ्लशचा बॉल कॉक स्वतः बदलतात, दाराच्या बिजागऱ्या बसवतात, ड्रिलने भिंतीला भोक पाडून गिट्टी ठोकतात. पण पाहुण्यांनी विचारलं की म्हणतात, "ह्यांनी केलं." भाऊजींचा मान राहावा म्हणून. मला हे सहन होत नाही. पुरणपोळी लुसलुशीत झाली की आपण नवऱ्याचं नाव सांगतो का? मग बिजागरीचं श्रेय का द्यायचं? भाऊजी भले माणूस आहेत. बायकोचं काम बायकोच्या नावावर राहिलं तर त्यांचा मान तसूभर कमी होणार नाही.

कौतुकातही एक काटा असतो. "पोरासारखं काम करते हो!" हे मी आता ऐकून घेत नाही. मी बाईसारखंच काम करते, आजी करायची तसं. तसंच त्या कारागिराचं, ज्याला फोन मी केला, बिघाड मी सांगितला, पैसे मी देणार, आणि तो म्हणतो, "साहेबांना फोन द्या, त्यांना समजावतो." साहेबांना त्यातलं काही माहीत नसतं. मी शांतपणे सांगते, मलाच समजवा. आणि तो समजावतो. चांगला समजावतो.

ज्यांच्या घरातले पुरुष सुरतेला, पुण्याला कामाला आहेत अशा कितीतरी बाया आपल्या गावांत आहेत. माझ्या मामीने अशीच वर्षं काढली. रात्री दिवे गेले तर फ्यूजची तार ती घालायची, हातपंपाचा वायसर गेला की चामडं कापून द्यायला तीच पुढे. तिच्या घरी टॉर्च आणि पक्कड देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असायची. तिला पुरस्कार कुणी दिला नाही, साधं "शाब्बास" म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. अशा प्रत्येक मामीला आपण मोठ्याने शाब्बास म्हणायला हवं.

वैशाखात भाचीचं लग्न आहे. बाईच्या हातचं काम मांडावात कौतुकाने मांडायची जागा आपल्याकडे आधीपासूनच आहे, ती म्हणजे रुखवत. लोकरीची तोरणं असतील, मण्यांचे कलश असतील. त्यांच्याच ओळीत भाचीने स्वतः जोडलेला एक्स्टेंशन बोर्ड ठेवायचा आहे, अर्थिंगची हिरवी वायर नीट आवळलेला. शेजारी माझ्याकडून एक पेटी: स्क्रू पाना, पक्कड, टेस्टर, टेफ्लॉन टेप, वायसरांची पुडी आणि छोटं ड्रिल. घरातल्या दोन-तीन मोठ्या माणसांनी आत्ताच नाक मुरडलंय, वरपक्ष काय म्हणेल म्हणून. वरपक्षाने विचारलं तर भाचीच उत्तर देईल, तिची तयारी आहे. पेटी मी उचलणार नाही.