किती निघाली पॉवर?

गाडी मॉडिफाय केलीये म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला. 'किती निघाली पॉवर?' आजवर एकानेही मला 'नॉक येतोय का?' असं विचारलेलं नाही. नॉक म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण नको तेव्हा स्वतःहून भडकणं. माझ्या मते विचारायचं तर तेच विचारावं.

आधी स्वतःचा शहाणपणा सांगतो. टर्बो पेट्रोल गाडी. तिला मोठ्या व्यासाचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी, बसवला, मेलवर आलेली तयार फाइल ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) टाकली. गाडी सुसाट, मी खूश. महिन्याभरात तिसऱ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. मी काय केलं? गाण्यांचा आवाज वाढवला. हसा खुशाल.

शेवटी एका ट्यूनरकडे, ईसीयूची सेटिंग लावून देणाऱ्याकडे, गेलो. त्याने लॅपटॉप उघडलाच नाही, आधी स्पार्क प्लग काढायला लावले. हातात भिंग दिलं. पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके, त्यातले दोन-चार चमकणारे.

"हे चमकतंय ना, ते ॲल्युमिनियम. तुमच्या पिस्टनचं."

घसा कोरडा पडला.

झालं असं होतं की एअरफ्लो मीटर नळीतली सगळी हवा मोजत नाही. तापलेल्या तारेवरून जेवढी जाते तेवढ्यावरून एकूण हवेचा अंदाज बांधतो. मी नळी रुंद केली, पण फाइलमधला हिशोब जुन्याच नळीचा. हवा जास्त, ईसीयूच्या लेखी कमी, म्हणून पेट्रोलही कमी. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक सांभाळून घेतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण 14.7 ला 1 च्या आसपास राखतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र माझ्या गाडीत ती दुरुस्ती बंद. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, 12 च्या आसपास हवं ते मिश्रण 13 च्याही वर गेलेलं. पेट्रोल कमी, म्हणून नॉक; तोच तो खड्यांचा आवाज.

डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, पहिला तासभर 'भूं' असा आवाजच नाही. स्थिर लोडवर मीटरचा हिशोब नीट लावणं चाललेलं. नंतर चौथ्या गियरमध्ये रन, लॉग (सेन्सरच्या नोंदी) वाचणं, इनटेकची हवा थंड होईपर्यंत थांबणं, परत रन. इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, एकेक अंशाने लवकर. नॉकची पहिली चाहूल लागली तसे त्याने 2 अंश मागे घेतले. "आज हवा गार आहे," एवढंच म्हणाला. हवा तापली की नॉक लवकर येतो, त्याची ही सोय. मी पैसे मोजले ते या 2 अंशांचे, असं मी मानतो.

तयार फाइल वाईटच असते असं नाही. ज्या पार्ट्ससाठी ती बनवली तेच पार्ट्स गाडीत असतील तर चालते. आणि डायनोचे आकडे म्हणाल तर दोन डायनो एकाच गाडीला दोन आकडे देतात. त्यावरून भांडणारे मला आता करमणूक वाटतात.

फाइलवाल्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा माझी गाडी कमीच भरली. मित्र विचारतात 'किती?', मी फोनमधला नव्या प्लगचा फोटो दाखवतो. त्यांना त्यात काहीच दिसत नाही. दिसायला नकोच आहे.