टीम उचललेली असेल भाऊ, भांडणं आमची होती

नमस्कार भाऊ, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की दिल्लीच्या राज कॉमिक्सची ती सुपरहिरोंची ब्रह्मांड रक्षक टीम म्हणजे सरळसरळ अमेरिकेच्या डीसी कॉमिक्समधल्या जस्टिस लीगची नक्कल, आणि भुसावळच्या मराठी पोराने हिंदी कॉमिक्सचे गोडवे गावे ही लाजेची गोष्ट आहे. राग नाही आला, पण उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

नकलेचं आधी बोलू. जस्टिस लीग आली 1960 ला, पण ती तरी कुठे कोरी करकरीत होती, 1940 ची जस्टिस सोसायटी झाडूनपुसून नव्या नावाने काढलेली. ती खपतेय म्हटल्यावर डीसीच्या स्पर्धक मार्व्हलच्या मालकाने आपल्यालाही टीम पाहिजे म्हणून तगादा लावला, हे मार्व्हलचा लेखक स्टॅन ली स्वतःच सांगायचा, आणि त्यातून 1961 ला फॅन्टास्टिक फोर निघाली, मग 1963 ला अ‍ॅव्हेंजर्स न् एक्स-मेन. सगळे एकमेकांच्या ताटातलं उचलतात इथे. मग दिल्लीवाल्यांनी उचललं तेवढीच चोरी का?

आणि तुम्ही ध्रुवला विसरलात राव. नागराजच्या अंगात साप, परमाणू पाहिजे तेव्हा बारीक होणार, आणि त्यांच्या रांगेत हा सुपर कमांडो ध्रुव, पॉवर शून्य. डोकं, मोटरसायकल, स्टार ब्लेड आणि सर्कशीत वाढल्यामुळे जनावरांशी बोलता येतं, संपलं. आता तुम्ही म्हणाल बॅटमॅनलाही पॉवर नाही, पण बॅटमॅनकडे पैसा आहे हो! ध्रुव म्हणजे ज्युपिटर सर्कशीतलं अनाथ पोरगं, पोलीस अधिकाऱ्याने घरी आणून वाढवलेलं. आणि त्याची स्वतःची कमांडो फोर्स कोण तर पीटर, करीम, रेणू.

आता हिंदीचं. आम्ही रेल्वे क्वार्टरमधली पोरं, आमच्या लाइनीत तमिळ होते, यूपीवाले होते, एक ख्रिश्चन कुटुंब होतं, दोन घरं सोडून मुसलमान दोस्त, आणि धुळ्याकडचा एकजण जो चिडला की थेट अहिराणीत जायचा. खेळायला उतरलो की सगळे हिंदीच बोलायचो, तीही आमची भुसावळी हिंदी. त्यात पीटर-करीम-रेणू वाचताना दिल्लीच्या कुणीतरी आमचीच गॅंग छापलीय असं वाटायचं. मराठी नव्हतंच असं नाही, इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ, म्हणजे फॅन्टम, मराठीत यायचा, मोठ्या भावाच्या पेटीत ते अंक होते, पण इंद्रजाल 1990 ला बंदच पडलं. आणि ज्या नागराजला तुम्ही परका म्हणता त्याची सुरुवातीची चित्रं आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढलीयेत.

टीमवाला विशेषांक जाडजूड असायचा, एकट्याच्या खिशाला परवडायचा नाही, मग वर्गणी काढून भाड्याने आणायचा, संध्याकाळपर्यंत परत द्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवसाचे पैसे पडायचे. मे महिन्यात बाहेर पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळे ज्याच्या घरी कूलर त्याच्या घरी सगळे, चार डोकी एका पानावर, फास्ट वाचणारा पान उलटायला बघतोय न् स्लो वाचणारा बोट दाबून बसलाय, थांब ना भो, आते मना नंबर शे! इतकं करून कोहरामसारख्या अंकात हिरोच इतके कोंबलेले असायचे की आपल्या आवडत्याच्या वाट्याला चार फायटी न् एक डायलॉग. ही तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य, तुम्ही ती केली नाही म्हणून मीच करतो.

पण टीमची खरी मजा लढाईत नसतेच, आपसातल्या भांडणात असते. अ‍ॅव्हेंजर्समधून हल्क दुसऱ्याच अंकात फणकारून निघून गेला होता, ते वाचायला आजही मजा येते. आमच्याकडे वाद डोगावरून. डोगा हा राज कॉमिक्सचाच हिरो, मुंबईचा, गुन्हेगार दिसला की गोळी घालून मोकळा, आणि ध्रुव जीव घेत नाही, मग हे दोघं एका बाजूने लढणार कसे? ह्यावरून आमच्या गॅंगमध्ये अबोले झालेत, एकदा तर बॅटही जप्त झाली, कारण बॅटचा मालक डोगावाला होता. अमेरिकेची नक्कल वाचून असं भांडायला होत नाही भाऊ, निदान भुसावळच्या उन्हात तरी नाही.

तुमची कमेंट ज्या तोऱ्यात लिहिलीय त्यावरून तुम्ही मला डोगावाले वाटता. तसं असेल तर पुढच्या कमेंटमध्ये बाकी सगळं सोडा, डोगाला टीममध्ये घ्यायचं की नाही तेवढं कारणासकट सांगा. मी तरी घेतला नसता.